पृथ्वीला फिरताना पाहणारा माणूस

थर्ड इयर मेकॅनिकलच्या थिअरी ऑफ मशीन्समध्ये जायरोस्कोपिक कपल नावाचं एक प्रकरण असतं. त्यातले प्रश्न ठरलेले. विमान डावीकडे वळतंय, इंजिन मागून बघताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतंय, तर विमानाचं नाक वर जाईल की खाली? मग जहाज, मग मोटारसायकल, मग चारचाकी. सूत्र एकच असल्यामुळे हे प्रकरण पी.एल.मध्ये एका रात्रीत उरकतं आणि व्हायव्हापर्यंत डोक्यात टिकलं म्हणजे मिळवलं, असा आपल्याकडचा रिवाज आहे.

मला मात्र एक प्रश्न स्वस्थ बसू देईना. जहाजापासून विमानापर्यंत सगळ्यांचा तोल सांभाळायच्या कामी येणारं हे यंत्र पहिल्यांदा कोणी आणि कशासाठी केलं असेल? शोधायला गेलो तर उत्तर भलतंच निघालं. ज्याने जायरोस्कोपला हे नाव दिलं त्याला कुठलंच वाहन स्थिर करायचं नव्हतं. त्याला पृथ्वी फिरताना बघायची होती! नावाचा अर्थही तोच आहे. ग्रीक भाषेत जायरोस म्हणजे वर्तुळ, फेरा. आणि स्कोपीन म्हणजे पाहणं. फेरा पाहण्याचं यंत्र तो जायरोस्कोप. साल १८५२, शहर पॅरिस आणि माणसाचं नाव लिओन फुको.

फुकोचा जन्म १८ सप्टेंबर १८१९ चा. वडील पॅरिसमध्ये पुस्तकं प्रकाशित करायचे. ते लवकर वारले आणि आईने मुलाला वाढवलं. तब्येत तोळामासा, शाळेत मन रमेना, म्हणून घरीच मास्तर ठेवून शिकवावं लागलं. अभ्यासात चमक अशी काही नव्हती, पण हातात मात्र जादू. आधी त्याने एक बोट केली. मग सँ सुल्पिस चर्चजवळ दांड्या हलवून खुणांनी निरोप पाठवणारं जे तारयंत्र होतं, त्याची नक्कल केली. पुढे तर एक छोटं वाफेचं इंजिन केलं आणि ते चालवूनही दाखवलं. मेरिट लिस्टमध्ये कधीच न झळकणारा, पण मिक्सरपासून मोटरपर्यंत काहीही दुरुस्त करून देणारा एक मुलगा प्रत्येक होस्टेलवर असतो. फुको त्याच जातीचा.

इतका कसबी हात सर्जनलाच शोभेल असं आईला वाटलं, म्हणून पोरगा मेडिकलला गेला. तिथे गेल्यावर लक्षात आलं की त्याला रक्त बघवत नाही. कोर्स अर्धवट सुटला. पण तेवढ्या काळात आल्फ्रेड दोने या प्राध्यापकाने त्याचे हात हेरले होते. दोने मायक्रोस्कोपी शिकवायचे. त्यांनी फुकोला सहायक म्हणून ठेवून घेतलं. दागेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर फोटो घ्यायची पद्धत, १८३९ मध्येच जाहीर झाली होती. फुकोने ती मायक्रोस्कोपला जोडली आणि १८४५ मध्ये अशा फोटोंवरून केलेला दोनेंचा अ‍ॅटलास निघाला. उजेड कमी पडतो म्हणून त्याने कार्बन आर्कचा दिवाही तयार केला. त्याच वर्षी इपोलित फिझो या मित्राबरोबर त्याने सूर्याचा दागेरोटाइप घेतला, त्यावर सूर्यावरचे डाग दिसतात. शिवाय जुर्नाल द देबा या वर्तमानपत्रात तो विज्ञानाचं सदर लिहू लागला. म्हणजे विशीच्या मध्यावर हा गृहस्थ अर्धा डॉक्टर, अर्धा फोटोग्राफर आणि अर्धा पत्रकार होता. बेरीज दीड होते, पण माणूसही तसाच दीडपट होता.

आता लेथची गोष्ट. आपण फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये लेथवर फेसिंग आणि टर्निंग करतो, जॉबवर रोल नंबर ठोकतो आणि मोकळे होतो. फुकोने एकदा लेथच्या चकमध्ये एक लांब, बारीक, लवचिक पोलादी सळई धरली आणि तिचं मोकळं टोक बोटाने छेडून सोडून दिलं. सळई वर-खाली थरथरू लागली. मग त्याने चक हळूहळू फिरवला. सळई चकबरोबर स्वतःभोवती फिरली, पण तिचं थरथरणं मात्र वर-खालीच राहिलं. चक कितीही फिरवा, थरथरण्याची दिशा जागची हलेना.

आपण इथे वा, गंमत आहे असं म्हणून पुढे गेलो असतो. फुकोच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. सळईच्या जागी लंबक घेतला आणि चकच्या जागी पृथ्वी घेतली तर? पृथ्वी फिरते हे त्या काळी शिकलेला प्रत्येक जण मान्य करत होता, पण त्याचे पुरावे बहुतेक सगळे आकाशातले. चार भिंतींच्या आत, खिडक्या बंद करून, ही जमीन फिरते आहे असं डोळ्यांना दिसेल असा प्रयोग कोणी दाखवला नव्हता.

आईबरोबर तो रू दासास या रस्त्यावरच्या घरात राहायचा. त्या घराच्या तळघरात जानेवारी १८५१ मध्ये त्याने ५ किलोचा गोळा २ मीटरच्या तारेला टांगला. पहिल्या प्रयत्नात तार तुटली. पुन्हा जुळवाजुळव केली आणि ८ जानेवारीच्या पहाटे २ वाजता लंबकाच्या झोक्याची दिशा सावकाश सरकताना त्याला दिसली. खरं म्हणजे झोका सरकतच नव्हता. सरकत होतं ते तळघर, आणि तळघराबरोबर अख्खं पॅरिस.

यातली कारागिरी महत्त्वाची आहे. गोळा हाताने सोडला तर हाताचा धक्का लागतो आणि झोका लंबगोल होतो. म्हणून फुको गोळा एका बाजूला ओढून दोऱ्याने बांधायचा, सगळं शांत झालं की दोरा जाळायचा. दोरा तुटला की गोळा सरळ रेषेत निघायचा. फेब्रुवारीत पॅरिसच्या वेधशाळेत ११ मीटरची तार लावून त्याने शहरातल्या विद्वानांना पृथ्वी फिरताना बघायला बोलावलं. मार्चमध्ये, त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष लुई नेपोलियन बोनापार्ट यांच्या पाठिंब्याने, पाँतेऑनच्या घुमटाखाली ६७ मीटरच्या तारेला २८ किलोचा गोळा टांगला गेला. एक पूर्ण झोका सुमारे १६ सेकंदांचा. गोळ्याखालचं टोक वाळूच्या कडेवर दर झोक्याला थोडं पुढे नवीन खूण करायचं. बघायला पॅरिसकरांची रांग लागली.

इथे सगळं छान चाललंय असं वाटत असतानाच गणित आडवं आलं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. पॅरिसमधला लंबक मात्र तासाला ११ अंशांच्या आसपास सरकत होता. बाकीचे अंश गेले कुठे? फुकोने नियम सांगितला होता की १५ अंशांना त्या जागेच्या अक्षांशाच्या साइनने गुणायचं. उत्तर बरोबर येत होतं, पण नियमामागची रीतसर सिद्धता त्याने दिलेली नव्हती. उच्च गणित हे त्याचं मैदानच नव्हतं. फ्रेंच सायन्स अकादमीत तेव्हा मोठमोठे गणिती बसलेले. आपल्या शास्त्रातली इतकी साधी गोष्ट मेडिकल सोडलेल्या एका पत्रकाराने आपल्याआधी दाखवावी हे काहींना रुचलं नाही. मग सिद्धतांचा पाऊस पडला. सामान्य प्रेक्षकाला मात्र त्यातली एकही कळेना.

अडचणीचं मूळ असं होतं. लंबक पूर्ण मोकळा नसतो. गुरुत्वाकर्षण त्याला सतत खाली ओढतं, आणि पॅरिसमधलं हे खाली पृथ्वीबरोबर दिवसभर दिशा बदलत असतं. त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा फक्त उभ्या रेषेभोवतीचा भाग लंबकाला जाणवतो. ध्रुवावर पूर्ण, विषुववृत्तावर शून्य आणि मधे सगळीकडे साइनच्या हिशेबाने. फुकोला आता अशी वस्तू हवी होती की जिला खाली काय आणि वर काय याच्याशी देणंघेणंच नसेल. तिला अक्षांशही विचारायला नको.

असं यंत्र म्हणजे जोरात फिरणारं, स्वतःच्या गुरुत्वमध्यावर पेललेलं चाक. ते कसं चालतं हे कळायला सायकल पुरे. पुढचं चाक काढून अ‍ॅक्सलची दोन्ही टोकं दोन हातांत धरा आणि रूममेटला ते पुढच्या दिशेने जोरात फिरवायला सांगा. आता फिरतं चाक डावीकडे कलवून बघा. ते कलायच्या ऐवजी हँडल वळवल्यासारखं डावीकडे वळतं! यात चमत्कार काही नाही. कलवताना तुम्ही चाकाच्या वरच्या भागाला डावीकडे आणि खालच्या भागाला उजवीकडे ढकलता. पण वरचा कण वर थांबतो कुठे? तो डावीकडचा वेग साठवत पुढे निघतो आणि पाव फेरीनंतर चाकाच्या पुढच्या टोकाला पोचतो तेव्हा तो वेग सर्वांत जास्त असतो. खालचा कण तसाच उजवीकडचा वेग घेऊन मागच्या टोकाला पोचतो. पुढचं टोक डावीकडे, मागचं टोक उजवीकडे, म्हणजे चाक वळलं. यालाच आपण प्रिसेशन म्हणतो. विमान डावीकडे वळताना नाक वर जातं तेही याच हिशेबाने.

हे वळणं किती जलद होणार? लावलेला कपल भागिले चाकाचा अँग्युलर मोमेंटम. म्हणजे चाक जितकं जड आणि जितकं वेगवान, तितकं ते तुमच्या ढकलण्याला कमी दाद देतं. आणि कपल शून्य असेल तर वळणंही शून्य. चाकाची आस अवकाशात ज्या दिशेला रोखून सोडली त्या दिशेला तशीच राहते, मग खालची पृथ्वी कुठे का जाईना. परीक्षेत कपल काढताना आपण ज्या सूत्रात किंमती घालतो, ते सूत्र फुकोला शून्यावर आणायचं होतं.

कागदावर शून्य लिहिणं सोपं. पितळेत आणि काशात शून्य करून दाखवणं म्हणजे काय ते डिझाइनवाल्यांना विचारा. गुरुत्वमध्य केसभर जरी सरकला तरी वजनाचाच कपल लागतो आणि चाक त्यामुळे वळायला लागतं. बेअरिंगचं घर्षण तर पाचवीला पुजलेलं. फुकोला साथ मिळाली ती ग्युस्ताव फ्रोमाँ या नावाजलेल्या यंत्रकाराची. त्यांनी काशाचं चाक दोन कड्यांमध्ये बसवलं. आतलं कडं सुरीच्या धारेवर टेकवलेलं, बाहेरचं कडं पीळ नसलेल्या दोऱ्याला टांगलेलं आणि तोल बारीक स्क्रूंनी साधलेला. चाकाला वेग द्यायला वेगळं दातेरी यंत्र होतं, हाताने फिरवायचं. सेकंदाला दीडशे ते दोनशे फेरे मिळाले की चाक काढून कड्यांमध्ये बसवायचं. त्यानंतर हातात उरायची जेमतेम दहा मिनिटं, मग वेग ओसरायचा. दहा मिनिटांत पृथ्वी फिरते अडीच अंश. म्हणून कड्याच्या काठावर मायक्रोस्कोप रोखला. मेडिकलला असताना हातात आलेला मायक्रोस्कोप असा परत उपयोगी पडला. त्यातून पाहिलं की खुणा हळूहळू सरकताना दिसायच्या. साइन नाही, अक्षांश नाही, सरळ पृथ्वीचं फिरणं!

सप्टेंबर १८५२ मध्ये त्याने हे अकादमीपुढे मांडलं. फिरत्या चाकाचं कड्यांमध्ये बसवलेलं यंत्र करणारा फुको पहिला नव्हे. जर्मनीत बोनेनबर्गर यांनी तसं यंत्र १८१७ मध्येच वर्णिलं होतं. पण ते वर्गात दाखवायचं साधन म्हणून राहिलं. त्या चाकाला मोजण्याचं यंत्र केलं ते फुकोने.

त्याच वेळी फुकोने आणखी एक गोष्ट सांगून ठेवली. हे चाक पूर्ण मोकळं न ठेवता त्याची आस फक्त आडव्या पातळीत फिरू दिली, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळेच त्याच्यावर कपल येतो आणि आस आपोआप उत्तर-दक्षिण रेषेकडे वळते. म्हणजे लोहचुंबकाशिवाय होकायंत्र. कल्पना अचूक होती, पण हाताने फिरवलेलं चाक दहा मिनिटांत दमायचं. ते तासन्‌तास फिरवत ठेवणारी इलेक्ट्रिक मोटर तयार व्हायला अजून बराच वेळ होता.

फुकोच्या वाट्याला पुढची सोळा वर्षं आली आणि त्यातली बरीचशी त्याने सत्कारणी लावली. हवेपेक्षा पाण्यात प्रकाश सावकाश जातो हे त्याने १८५० मध्येच दाखवलं होतं. त्याच विषयावर १८५३ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १८५५ मध्ये पॅरिसच्या वेधशाळेत भौतिकशास्त्रज्ञाची नोकरी लागली आणि लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदकही मिळालं. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या धातूच्या तबकडीत प्रवाह निर्माण होऊन ती तापते हेही त्याच वर्षीचं काम. इलेक्ट्रिकलवाले ज्यांना एडी करंट म्हणतात त्यांना कित्येक पुस्तकांत फुको करंट म्हणतात ते यामुळेच. त्याने काचेवर चांदी चढवून दुर्बिणीचे आरसे केले आणि ते तपासायची सुरीच्या धारेची चाचणी शोधली. हौशी खगोलवाले आरसा घासताना आजही तीच वापरतात. १८६२ मध्ये फिरत्या आरशाने प्रकाशाचा वेग मोजला तो सेकंदाला २,९८,००० किलोमीटर आला. आजच्या आकड्यापासून एका टक्क्याहूनही जवळ!

तरी अकादमीचं दार उघडायला १८६५ साल उजाडावं लागलं. त्याआधी निवडणुकीत त्याला डावललं गेलं होतं. सदस्यत्व मिळालं ते मेकॅनिक्स विभागात, आणि जागा रिकामी झाली होती ती क्लॅपेरॉन यांच्या निधनाने. थर्मोमध्ये आणि कंटिन्युअस बीमच्या गणितात ज्यांचं नाव घेतल्याशिवाय सुटका नाही तेच हे क्लॅपेरॉन. गणित येत नाही म्हणून नाकं मुरडून घेतलेला माणूस त्यांच्या खुर्चीत बसला.

हे सुख फार काळ लाभलं नाही. १८६७ च्या उन्हाळ्यात त्याला पक्षाघाताने गाठलं. ज्या हातांवर त्याचं सगळं आयुष्य उभं होतं त्यांनाच आधी बधिरपणा आला, मग वाचा गेली, मग दृष्टीही अधू झाली. ११ फेब्रुवारी १८६८ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, तो पॅरिसमध्येच वारला. त्याची कबर माँमार्त्रच्या दफनभूमीत आहे. आयफेल टॉवरवर ७२ शास्त्रज्ञ-इंजिनिअरांची नावं कोरली आहेत, त्यांत त्याचं एक आहे.

पुढची गोष्ट त्याच्या चाकाची. जर्मनीत हेर्मान आनशुत्झ-केम्फे याला पाणबुडीने उत्तर ध्रुवावर जायचं होतं. लोखंडी पाणबुडीत आणि ध्रुवाजवळ चुंबकाचं होकायंत्र निकामी. त्याने इलेक्ट्रिक मोटरने फिरणारा जायरोकंपास १९०८ पर्यंत चालता केला. फुकोचं १८५२ चं भाकीत ५६ वर्षांनी खरं ठरलं. अमेरिकेत एल्मर स्पेरी त्याच वाटेने गेले आणि १९११ मध्ये त्यांच्या जायरोकंपासची चाचणी युद्धनौकेवर झाली.

मग हे यंत्र तोल सांभाळायला कधी लागलं? इथे दोन वाटा फुटतात. पहिली वाट बळाची. जर्मन इंजिनिअर ओटो श्लिक यांनी १९०६ मध्ये एका बोटीत भलंमोठं फिरतं चाक बसवून लाटांवरचं डोलणं कमी करून दाखवलं. चाक स्वतःच लाटेशी कुस्ती खेळतं. पण जहाज मोठं तर चाकही मोठं, आणि वजन वाढतच जातं. दुसरी वाट शहाणपणाची. चाक लहानच ठेवायचं, त्याने फक्त किती कललं ते सांगायचं आणि जोर दुसऱ्याने लावायचा. एल्मर यांचा २१ वर्षांचा मुलगा लॉरेन्स याने १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ बेझाँ इथे सीन नदीवर हे दाखवलं. विमान उडत असताना मेकॅनिक पंखावर चालत गेला आणि लॉरेन्सने दोन्ही हात वर केले. विमान जरा कलताच जायरोस्कोप ते टिपत होते आणि यंत्रणा पंखांचे झडप सावरत होती. विमान सरळ उडत राहिलं. त्या प्रात्यक्षिकाला ५०,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं. फुकोच्या तळघरापासून हे ठिकाण फार लांब नाही.

आजचं बहुतेक सगळं काम या दुसऱ्या वाटेने चालतं. ड्रोन, क्षेपणास्त्र, दोन चाकांवर उभा राहणारा रोबो, कशातही पाहा. जायरोस्कोप काहीच धरून ठेवत नाही, तो फक्त पाहतो आणि कंट्रोलरला सांगतो. म्हणजे फुकोने ठेवलेलं नावच शेवटी खरं ठरलं. आपल्या खिशातल्या मोबाइलमधला जायरोस्कोप तर त्याहून गमतीचा. त्यात चाकच नाही! सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा थरथरत असतो, फोन फिरला तरी त्याचं थरथरणं आपली दिशा सोडायला तयार नसतं, आणि त्या हट्टातून फिरण्याचा वेग मोजला जातो. लेथच्या चकमध्ये धरलेली सळई ती हीच.

मला फुकोबद्दल सगळ्यांत आवडलेली गोष्ट ही की हाताला जे दिसलं त्यावर त्याने आधी विश्वास ठेवला आणि ते इतरांनाही दिसेल असं यंत्र केलं. सिद्धता मागाहून आल्या. गणित नको असा याचा अर्थ नव्हे. साइन नसता तर लंबकाचा हिशेब लागलाच नसता. पण आपल्याकडे सूत्र पाठ असतं आणि वस्तू कधी बघितलेली नसते, ही उलटी गंगा आहे.

करून बघणाऱ्यांसाठी माहिती देतो. पुण्यात आयुकामध्ये फुकोचा लंबक आहे. दिल्लीच्या नव्या संसद भवनातही २०२३ पासून एक आहे, त्याला पूर्ण फेरी मारायला जवळजवळ ५० तास लागतात. पण एवढं लांब कशाला जायचं? चार मजली होस्टेलच्या जिन्यामधली मोकळी जागा वेधशाळेतल्या त्या ११ मीटरला पुरून उरेल. पोलादी तार, जिमखान्यातला गोळाफेकीचा गोळा, बांधायला सुती दोरा आणि एक काडेपेटी. वरचा जोड सर्व बाजूंना सारखा हलेल असा घट्ट बसवा, खाली खडूने रेघ मारा, वॉर्डनची परवानगी काढा आणि रात्री जिना शांत झाल्यावर दोरा जाळा. पुण्यात तासाला पावणेपाच अंश, मुंबईत पाचाच्या जरा आत, नागपुरात साडेपाचच्या जवळपास. एवढी रेघ सरकली की समजा, जिना फिरला, होस्टेल फिरलं आणि आपणही फिरलो.